दिसलं नाही, की पाहिलं नाही?

माझी भाची कल्याणला राहते. बी.कॉम. झालं, दोन नोकऱ्या झाल्या आणि आता ती स्पॅनिश शिकतेय. ऐरोलीकडच्या कंपन्यांत रात्रपाळीला स्पॅनिश बोलणारी मुलं लागतात आणि पगारही बरा मिळतो, असं तिला मैत्रिणीनं सांगितलंय. रविवारी ती मुंब्र्याला आमच्याकडे येते, ओट्याला टेकून उभी राहते आणि मी कांदा चिरत असताना मला आठवड्याचा धडा ऐकवते. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे कुठलीही भाषा खालाला ऐकवली की खाला खूश, हे तिनं लहानपणीच ओळखलंय.

त्या रविवारी म्हणींचा धडा होता.

"खाला, ऐक. नो आय पेओर सिएगो के एल के नो किएरे बेर."

बेर म्हटल्यावर मला बोरंच आठवली. ती हसली. म्हणाली, बेर म्हणजे पाहणं, तिकडे 'व'चा उच्चार 'ब'सारखा करतात. सिएगो म्हणजे आंधळा. पेओर म्हणजे अधिक वाईट. ज्याला पाहायचंच नाही त्याच्याहून वाईट आंधळा कुणी नाही. हीच म्हण बहिऱ्यावरही आहे, फक्त सिएगोच्या जागी सोर्दो आणि बेरच्या जागी ओईर. मग तिनं वही पुढे केली: "आता मराठीत काय म्हणतात ते सांग."

मी लगेच सांगितलं. झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. तिनं लिहून घेतलं, जेवली, पाच पस्तीसची गाडी पकडून गेली. माझ्या डोक्यातून मात्र ती म्हण आठवडाभर गेली नाही, आणि त्याचं कारण स्वयंपाकघराच्या भिंतीवर होतं. त्या भिंतीकडे येतेच. आधी थोडी मास्तरकी करू द्या.

त्या स्पॅनिश म्हणीचा सगळा जीव 'किएरे' या एका क्रियापदात आहे. मूळ धातू केरेर, म्हणजे इच्छा असणं. प्रेम करणं यालाही तोच धातू चालतो. 'एल के नो किएरे बेर' म्हणजे 'जो पाहू इच्छीत नाही तो'. 'जो' हा कर्ता, इच्छा नसणं ही त्याची कृती, जबाबदारी त्याची. आता हेच मराठीत सरळ म्हणून पाहा. 'ज्याला पाहायचं नाही.' लगेच 'जो'चा 'ज्याला' झाला. कर्ता उठून बाजूला बसला. मराठी माणसाला भूक लागते, राग येतो, विसर पडतो, कंटाळा येतो. तो स्वतः काहीच करत नाही, सगळं त्याच्याकडे येतं नाहीतर त्याला लागतं. 'मला दिसलं नाही' या वाक्यात चूक कुणाची? न दिसणाऱ्या वस्तूची. 'मी पाहिलं नाही' म्हटलं की चूक माझी. वर्गात गृहपाठ न केलेलं पोर कधीच 'मी केला नाही' म्हणत नाही. 'झाला नाही' म्हणतं. आठवीतल्या पोराला व्याकरणाचे गुण कितीही कमी पडोत, हे व्याकरण त्याला चोख येतं.

हा चोरदरवाजा फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. भाचीनं सांगितलं, स्पॅनिश माणूस किल्ली विसरला तर 'से मे ओल्बिदो' म्हणतो, म्हणजे जवळपास आपलं 'मला विसर पडला'. हातातला कप फुटला तरी कप आपला आपण पडलेला असतो. म्हणजे भाषा सगळीकडे सारख्याच दयाळू आहेत. म्हण मात्र दयाळू नाही. ती त्या माणसाला 'ज्याला'तून ओढून 'जो'त उभं करते. आणि म्हणून मला आपली म्हण जास्त आवडते. 'सोंग घेतलेला' म्हणताना आपल्या लोकांनी नेमकं हेच साधलं आहे. झोप येते. सोंग येत नाही, ते घ्यावं लागतं.

उर्दूत तर यासाठी वेगळे शब्दच आहेत. ग़फ़लत म्हणजे बेसावधपणा आणि ग़ाफ़िल म्हणजे बेसावध माणूस. हे दोन्ही मराठीत कधीच स्थायिक झाले, गाफील आणि गफलत होऊन. याच मुळापासून तिसरा शब्द बनतो तग़ाफ़ुल. अरबी व्याकरणात हा एक साचा आहे. त्यात धातू घातला की बऱ्याचदा 'तसं असल्याचं ढोंग करणं' असा अर्थ निघतो. मरज़ म्हणजे आजार, तमारुज़ म्हणजे आजाराचं ढोंग (सोमवारी सकाळी आमच्या शाळेत याची साथ असते). जहल म्हणजे अज्ञान, तजाहुल म्हणजे माहीत असून माहीत नसल्याचा आव. उर्दू काव्यशास्त्रात तजाहुल-ए-आरिफ़ाना नावाचा अलंकारच आहे: हा चेहरा की चंद्र, असं कवी विचारतो तेव्हा त्याला उत्तर पक्कं ठाऊक असतं. ग़ज़लेत तग़ाफ़ुल प्रेयसी करते. सगळं समजतं, पण मान वळवत नाही, आणि ते शोभूनही दिसतं. सरकारी टेबलामागे किंवा आपल्याच दिवाणखान्यात तो शोभत नाही. मराठीनं गाफील घेतला, गफलत घेतली, तग़ाफ़ुल घेतला नाही. दोन निरपराध शब्द आले आणि गुन्हेगार मागे राहिला. त्यामुळे आज वर्तमानपत्रात जे जे तग़ाफ़ुल असतं ते गफलत म्हणून छापलं जातं.

आता भिंत.

आम्ही हे घर घेतलं तेव्हा मला नोकरी लागून चार वर्षं झाली होती. इमारत चार मजल्यांची होती, पुढे सहा झाली. कागदपत्रांचं काय, असं मी एकदाच विचारलं. "मॅडम, सगळे राहतात ना?" असं उत्तर आलं आणि मी त्यावर समाधान मानलं. मी बीएड आहे. महिन्याच्या महिन्याला पगार येतो. वर्गात मुलांना अर्ज लिहायला शिकवते, माहितीच्या अधिकाराचा अर्जसुद्धा. भोगवटा प्रमाणपत्र काय असतं हे मला कळत होतं. ते मागितलं तर नाही म्हणतील, नाही म्हटलं तर घर सोडून द्यावं लागेल, आणि सोडलं तर पुन्हा शोधायला बाहेर पडावं लागेल, हेही कळत होतं. म्हणून मी मागितलं नाही. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात पिलरच्या कडेनं बारीक तडा दिसू लागला. प्लास्टरचा असेल, आमच्या मिस्टरांचं मत. मी त्यावर उर्दू कॅलेंडर लावलं. रमज़ानच्या वेळा पाहायला तिथंच बरं पडतं, असं मीच मला सांगितलं. पुढच्या वर्षी थोडं मोठं कॅलेंडर आणलं.

4 एप्रिल 2013, गुरुवार. संध्याकाळी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली. सात मजले चढले होते, आठव्याचं काम चालू होतं, आणि खाली माणसं राहत होती. 74 जीव गेले. कितीतरी बायका आणि मुलं त्यात होती. ज्या परवानग्या लागतात त्या नव्हत्या. पुढे बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारी आणि पोलीसही अटकेत गेले. आमच्या घरापासून ती जागा काही किलोमीटरवर. त्या रात्री आमच्या इमारतीत कुणीही झोपलं नाही. सगळे गच्चीत आणि जिन्यात उभं राहून बोलत होते. एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं: "त्यांची अगदीच कच्ची होती, आपली तशी नाही."

मीही ते म्हटलं. कॅलेंडर जागेवरच होतं.

त्यानंतर ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींच्या याद्या लागतात: सी-1 म्हणजे ताबडतोब रिकामी करा, त्याखालचे वर्ग म्हणजे दुरुस्त करा. 30 वर्षं ओलांडलेल्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण करून घ्यायचं, असा कायदा आहे. याद्या लोक वाचतात. स्वतःच्या इमारतीचं नाव नाही हे पाहतात आणि घडी घालून ठेवतात. 21 सप्टेंबर 2020 ला पहाटे भिवंडीत जिलानी बिल्डिंग पडली, जवळपास 40 माणसं झोपेतच गेली. ती झोप खरी होती. सोंग दुसरीकडे कुठंतरी होतं.

इथंच या म्हणीची अडचण सुरू होते. म्हण तोंडात बसली की ती कुणावरही फेकावीशी वाटते. दुर्घटनेनंतर टीव्हीवर आणि लोकलमध्ये काय ऐकू येतं? "यांना कळत नाही का? अशा इमारतीत राहतातच कशाला?" बोलणाऱ्याला वाटतं की तो हीच म्हण बोलतोय. ती इथं लागू नाही. लकी कंपाउंडमधल्या मजुराला तडा दिसत होता. त्याला माझ्यापेक्षा सिमेंटचं जास्त कळत होतं, वाळू किती आणि सिमेंट किती हे त्यानंच कालवलं होतं. त्याच्यापाशी दुसरं घर नव्हतं. 'किएरे'साठी इच्छा लागते आणि इच्छेसाठी दोन तरी पर्याय लागतात. एकच पर्याय असलेला माणूस डोळे उघडे ठेवूनही तिथंच झोपतो.

मुंब्रा इतकं दाटलं कसं, हेही पाहायचं नसेल तर दिसत नाही. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून कुटुंबंच्या कुटुंबं इथं आली. जिथं आपले लोक आहेत तिथं जाऊ, एवढाच तेव्हाचा हिशोब. त्यानंतरच्या पिढीला बाहेर पडायचं असलं तरी ते सोपं नसतं. आम्ही एकदा डोंबिवलीत घर पाहत होतो. एजंट फोनवर छान बोलला, माझं मराठी ऐकून "ताई, पुण्याच्या का?" असंही विचारलं. नाव सांगितल्यावर दोन सेकंद शांतता. मग, "सोसायटीला चालणार नाही ताई, माझं काही नाही." दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा एक सहकारी म्हणाल्या, "असं काही नसतं हं. तुम्हाला तसं वाटलं असेल." त्या चांगल्या बाई आहेत. माझ्या मुलीच्या आजारपणात रात्री अकराला रिक्षा करून आल्या होत्या. त्या मला खोटं पाडत नव्हत्या. पण मी म्हणते ते खरं मानलं असतं, तर त्यांना त्यांच्या स्वतःच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये काहीतरी बोलावं लागलं असतं. न पाहण्याचा फायदा कायम असाच असतो: पुढचं काम वाचतं.

म्हणून मी हल्ली म्हण वापरायच्या आधी स्वतःला विचारते, पाहिलं असतं तर या माणसाला काय करावं लागलं असतं? अनधिकृत इमारतीलाही घरपट्टी लागते, वर शास्तीही लागते. कायद्यात तशी तरतूदच आहे. आणि कर भरला म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हेही आहे. म्हणजे कर घ्यायच्या वेळी इमारत दिसते, मजला दिसतो, चौरस फूटही दिसतात. ती पडल्यावर पहिलं वाक्य येतं, 'निदर्शनास आलं नाही.' या 'निदर्शनास येणं' क्रियापदाला मराठी व्याकरणात वेगळा धडा द्यायला हवा. कुणाच्या निदर्शनास, कुणी आणायचं, ते आपल्या पायांनी येणार होतं का?

डोंबिवलीचंच घ्या. एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्यांना विचारलं तर म्हणतात, "आता वास येत नाही, सवय झाली." 2020 मध्ये तिथला एक रस्ताच गुलाबी झाला होता, तोही आठवणीतून गेला. 26 मे 2016 ला कारखान्यात स्फोट झाला, माणसं मेली, कारखाने हलवायची भाषा झाली. 23 मे 2024 ला दुसऱ्या कारखान्यात स्फोट झाला, माणसं मेली, पुन्हा तीच भाषा झाली. महिनासुद्धा बदलला नाही.

पण त्याच डोंबिवलीतल्या 65 इमारतींचं प्रकरण वेगळं आहे आणि ते या म्हणीतून वगळायला हवं. तिथं पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेली होती. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयानं त्या इमारती पाडायला सांगितलं. घर घेणाऱ्यांनी काय केलं नव्हतं? त्यांनी नोंदणीचा क्रमांक पाहिला, बँकेनं कर्ज दिलं, स्टॅम्प ड्युटी भरली. मी जे केलं नाही ते त्यांनी केलं. त्यांनी पाहिलं आणि त्यांना खोटं दाखवलं गेलं. त्यांना कुणी 'आंधळे' म्हणत असेल तर त्यानं म्हणीचा अर्धाच भाग पाठ केलाय. 65 इमारती एका रात्रीत उगवत नाहीत. परवानगीचा कागद एका कार्यालयाचा, नोंदणी दुसऱ्या कार्यालयाची, आणि मधे एक फोन करायचा होता.

म्हण जागा पाहून वापरावी हे सांगायला स्पॅनिशमध्ये सर्व्हँटिसपेक्षा मोठा साक्षीदार मिळणार नाही. त्याच्या 'दोन किहोते'तला सांचो पांझा बोलता बोलता म्हणींची माळ लावतो, आणि मालक त्याला सारखा टोकतो की बाबा रे, संबंध नसताना म्हणी कोंबू नकोस. (जाता जाता: ही कथा आपल्याला तोलेदोच्या बाजारात एका अरबी बाडात सापडली, लिहिणारा सिदे हामेते नावाचा मुसलमान इतिहासकार, असं सोंग खुद्द सर्व्हँटिसनं घेतलंय. 1605 आणि 1615 ही या पुस्तकाच्या दोन भागांची सालं; आणि त्याच दरम्यान, 1609 पासून, स्पेन आपल्या उरल्यासुरल्या मोरिस्को लोकांना देशाबाहेर काढत होता. घरं त्यांनीही मागे ठेवली.)

शब्दाची आणखी एक गोष्ट मला टोचते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिला दिसत नव्हतं. बाकावर तळहात ठेवून बसायची. मी वर्गात आले की चपलेच्या आवाजावरून माझा मूड सांगायची आणि बहुतेकदा बरोबर सांगायची. तिच्यासमोर मी 'त्याच्याहून वाईट आंधळा नाही' असं म्हणू शकले नसते. म्हणीचा रोख तिच्यावर नाही, मान्य. तरी उपमेचं ओझं तिच्याच डोक्यावर येतं. आपण मराठीतही दळणाऱ्या आंधळीला सोडलेलं नाही. झोपेच्या सोंगात असा कुणी मधल्यामध्ये दुखावत नाही. तेव्हा वर्गात मी झोपेचीच म्हण शिकवते, आणि भाचीलाही तेच सांगितलं. ती म्हणाली, "खाला, पण परीक्षेत सिएगोच लिहावं लागेल." लिही बाई.

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा आणखी एक म्हण घेऊन आली: चांगल्या समजदाराला थोडे शब्द पुरे. हीसुद्धा लोक अर्धीच बोलून सोडतात म्हणे, कारण पूर्ण केली तर समोरच्याला समजदार न मानल्यासारखं होतं. आपलं 'शहाण्याला शब्दाचा मार'. मी म्हटलं, बघ, या दोन म्हणी जावा-जावा आहेत. पहिली वापरायच्या आधी दुसरी वापरून पाहायची. एकदा हळू सांगायचं, कागद दाखवायचा, पुन्हा एकदा सांगायचं. तेवढं करूनही मान वळली नाही तरच सोंगाची म्हण काढायची. पहिल्याच फटक्यात काढली तर ती नुसती शिवी होते, आणि शिवी ऐकून आजवर कुणी डोळे उघडलेले नाहीत.

"मग तू कुणाला म्हणणार?" तिनं विचारलं. ती पाणी प्यायला फ्रिजकडे वळली होती, भिंत तिच्या समोर होती. म्हणाली, "आणि हे कॅलेंडर एवढ्या खाली का लावलंय?"

त्याच संध्याकाळी खाली सोसायटीची मीटिंग होती. विषय नेहमीचे: टाकी साफ करणं, लिफ्टचा मेंटेनन्स, जिन्यात चपला. शेवटी तळमजल्यावरच्या चाचांनी परीक्षणाचा विषय काढला. ते दरवर्षी काढतात आणि दरवर्षी आपण सगळे मिळून तो पावसाळ्यानंतर ढकलतो. सेक्रेटरी म्हणाले, "चाचा, उगाच घबराट करू नका. कुठं काय दिसतंय?" दोन-तीन जणांनी माना हलवल्या. मी उठले आणि म्हटलं, माझ्याकडे चला, दाखवते. सात-आठ माणसं स्वयंपाकघरात मावत नव्हती. मी कॅलेंडर काढलं. तडा माझ्या आठवणीपेक्षा बराच खाली उतरला होता, ओट्याच्या फरशीपर्यंत, आणि एका जागी गंजलेली सळई दिसत होती. कुणी काही बोललं नाही. मग दुसऱ्या मजल्यावरच्या भाभी हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे पण आहे. कपाटामागे." तिसऱ्या मजल्यावर शोकेसमागे होता. एकानं सांगितलं, त्यांच्याकडे मुलाचा अभ्यासाचा तक्ता लावलाय.

इंजिनिअर पुढच्या आठवड्यात येणार आहे. फी सगळ्यांनी वाटून द्यायची ठरली, घरटी वर्गणी ठरली, वहीत नावं लिहिली. चाचांनी सगळ्यात आधी पैसे दिले. अहवालात सी-1 आलं तर कुठं जायचं, हा प्रश्न मीटिंगमध्ये एकानंच विचारला आणि त्याला उत्तर मिळालं नाही. ते माझ्याकडेही नाही. कॅलेंडर आता दाराच्या मागे आहे, तिथं वेळा नीट वाचता येत नाहीत. आणि आमची वर्गणी अजून भरायची राहिली आहे. राहिली आहे म्हणजे, मी भरलेली नाही.